खाड्याच्या दिवशी कामी येणारा व्यायामगट: बांधणीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत

व्यायामाचा संकल्प बहुतेक वेळा एकाच रीतीने मोडतो. नव्याचे नऊ दिवस जोरात जातात. मग कधी रात्री झोप होत नाही, कधी काम लांबतं आणि एक खाडा पडतो. दुसऱ्या दिवशी थोडं ओशाळल्यासारखं होतं, तिसऱ्या दिवशी ‘आता सोमवारपासून’ असं ठरतं. एका खाड्याने शरीराचं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांच्या गप्प राहण्यात, कारण त्या दिवसांत विचारणारं कुणी नसतं.

गट हवा तो या गप्प दिवसांसाठी. प्रत्यक्षात बरेच गट उत्साहाच्या दिवसांसाठी बांधलेले असतात. वीस-पंचवीस माणसं, टाळ्यांची चिन्हं, घामाघूम फोटो. ज्याचा व्यायाम झाला तो लिहितो, ज्याचा चुकला तो नुसता वाचतो आणि हळूहळू वाचणंही सोडतो. म्हणून इथे दिलेली पद्धत उलट्या टोकापासून बांधली आहे: खाडा पडणारच असं धरून चालायचं आणि परतीची वाट आधी तयार ठेवायची.

सोबतीचा उपयोग किती होतो याची एक मोजलेली कल्पना आहे. रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी १९९९ साली वजन घटवण्याच्या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकट्याने आलेल्या आणि नेहमीचंच मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ७६ टक्के लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला. घटवलेलं वजन चौथ्या ते दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे टिकवलं ते २४ टक्के लोकांनी. तीन मित्रमैत्रिणींना घेऊन आलेल्या आणि शिवाय एकमेकांना आधार देण्याची रीतसर व्यवस्था मिळालेल्यांत हेच आकडे ९५ आणि ६६ होते. यातला ‘शिवाय’ विसरू नये. ओळखीची माणसं आणि त्यांच्यात ठरवून घातलेली व्यवस्था, दोन्ही लागतात.

पायरी १: माणसं निवडणं

संख्या ३ ते ५, चार सर्वांत सोयीची. चौघांत सहा जोड्या होतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं काय चाललंय ते माहीत राहतं. दहा जणांत ४५ जोड्या होतात, मग कुणी गायब झालं तर ‘दुसरं कुणीतरी विचारेल’ असं प्रत्येकालाच वाटतं. माक्सिमिलियां रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला लावून हे मोजलं होतं. १९१३ साली छापलेल्या त्याच्या निष्कर्षांत माणसं वाढत गेली तशी प्रत्येकाची ओढ कमी होत गेली. त्यात थोडा भाग माणसांचा मेळ न बसण्याचा होता, पण अंग चोरण्याचाही होता.

सगळ्यांची ताकद सारखी असण्याची गरज नाही. १९२०च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने होडी वल्हवणाऱ्या क्लबातल्या लोकांवर प्रयोग केले. जोडीने वजन उचलताना दोघांतला कमकुवत माणूस एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकून राहत होता आणि दोघांतला फरक मध्यम असताना हा परिणाम ठळक होता. फरक अगदीच मोठा असला तर ‘याची बरोबरी होणारच नाही’ म्हणून हात गळतात. तेव्हा पाच किलोमीटर धावणारा आणि दोन किलोमीटर चालणारा एका गटात खुशाल असावेत. मॅरेथॉनची तयारी करणारा आणि जिना चढताना धापा टाकणारा नसावेत.

बोलावण्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारून घ्या. रोज रात्री एक ओळ लिहिशील का? आठवड्यातून एकदा २५ मिनिटं देशील का? माझा खाडा पडला तर मला फोन करशील का? पहिल्या दोन प्रश्नांना सगळेच ‘हो’ म्हणतात. तिसऱ्याला जो अडखळतो त्याला संकोच वाटतोय, आणि या गटात संकोची माणसापेक्षा कमी तंदुरुस्त माणूस परवडतो. घरातली माणसं किंवा वरिष्ठ-कनिष्ठ शक्यतो टाळावेत. तिथे खाड्याच्या प्रश्नाला जुन्या हिशेबांचा वास येतो.

पायरी २: ध्येयाचं मोजता येणाऱ्या कामात रूपांतर

बहुतेक गटांचं घोडं इथेच अडतं. ‘फिट व्हायचं’ किंवा ‘आठ किलो कमी करायचे’ या ध्येयांवर रोज रात्री ‘झालं का?’ असं विचारता येत नाही. गटापुढे मांडायचं ते काम, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं.

आधी एक आठवडा काहीही नवीन न करता फक्त नोंद ठेवा: रोजची पावलं, चाललेली मिनिटं, सलग किती पुशअप होतात, झोप किती तास. ही तुमची पायाभूत पातळी. सरासरी ४,२०० पावलं निघाली तर पुढचं लक्ष्य ५,००० ते ५,५०० ठेवा, एकदम १०,००० नको. तसंही १०,००० हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झालेला आहे, त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’. गोल आकडा लक्षात राहतो, पण तो तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरलेला नसतो.

कुठवर पोचायचं त्याचा नकाशा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत मिळतो. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. जोरकस म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो इतपत. सध्या तुम्ही ४० मिनिटांवर असाल तर १५० हे बाराव्या आठवड्याचं गाव आहे, पहिल्याचं नाही.

आता प्रत्येकाने दोन आकडे लिहायचे.

‘ठरलेलं’: चांगल्या दिवशी करायचं काम. उदाहरणार्थ, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६.४५ ते ७.१५ भरभर चालणं आणि मंगळवार, शनिवार स्क्वॉट (खुर्चीत बसल्यासारखं खाली जाऊन उठणं) १० चे तीन सेट, पुशअप ६ चे तीन सेट, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणं) २० सेकंद तीनदा.

‘किमान’: वाईटातल्या वाईट दिवशीही होईल असं काम. दहा मिनिटं चालणं, किंवा त्याच व्यायामाचा एकेक सेट. किमान ठरवताना हात आखडता घ्या. कपडे बदलण्यापासून संपेपर्यंत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ते किमान नव्हे.

‘ठरलेलं’ लिहून झालं की स्वतःला विचारा: पुढच्या दहा आठवड्यांतल्या नऊ आठवड्यांत हे होईल का? उत्तर ‘प्रयत्न करेन’ असं आलं तर एक दिवस कमी करा. आरंभशूरपणा इथेच कापून टाकलेला बरा. आठवड्याला सहा दिवस लिहून चार करणाऱ्याला दर रविवारी हरल्यासारखं वाटतं, तर चार लिहून चार करणाऱ्याची पुढच्या महिन्यात पाच करायची तयारी असते. काम दोघांचं सारखंच झालेलं असतं.

शेवटी वेळेला खुंटी ठोका. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात मांडलेली ‘असं झालं की तसं करायचं’ ही बांधणी इथे फार उपयोगी पडते. ‘सकाळी व्यायाम’ असं न लिहिता ‘दात घासून झाले की बूट घालायचे’ असं लिहा. पर्यायही त्याच वाक्यात ठेवा: ‘पाऊस असला की घरात जिन्याच्या दहा फेऱ्या.’

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, सांध्यांचा जुना आजार यांपैकी काही असेल किंवा बऱ्याच वर्षांनी जोरकस व्यायाम सुरू करत असाल, तर हा कागद डॉक्टरांना दाखवून मगच गटात मांडा.

पायरी ३: एक पानाचा करार

तोंडी ठरलेलं तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं. म्हणून एका पानावर लिहा आणि सगळ्यांनी होकार द्या: प्रत्येकाचं ठरलेलं आणि किमान, रोजच्या नोंदीची शेवटची वेळ, साप्ताहिक भेटीचा वार आणि वेळ, कोण कुणाला विचारणार, खाडा पडल्यावर काय होणार, कुठल्या गोष्टी बोलायच्या नाहीत आणि शेवटची तारीख. शेवटची तारीख बारा आठवड्यांनंतरची असावी. अमर्याद मुदतीच्या गटातून कुणी बाहेर पडलं तर ते पळून गेल्यासारखं दिसतं, म्हणून लोक बाहेर न पडता नुसते अदृश्य होतात.

कोण कुणाला विचारणार हे साखळीने ठरवा. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पहिल्याला. आपसातल्या जोड्या लावू नका. दोघांची जोडी दोन-तीन आठवड्यांत नकळत तह करते: आज तू माझं चालवून घे, उद्या मी तुझं. साखळीत ज्याला तुम्ही विचारता तो तुम्हाला विचारत नसतो, त्यामुळे ही देवाणघेवाण जमत नाही. दर चार आठवड्यांनी साखळी फिरवा.

पायरी ४: रोजची नोंद

नोंदीची वेळ रात्री साडेनऊपर्यंत. एकच ओळ, चार गोष्टी: वार, निकाल, आकडा, शरीराबद्दल एक-दोन शब्द.

‘मंगळ. पूर्ण. स्क्वॉट ३×१०, पुशअप ३×६, प्लँक ३×२० सेकंद. उजवा खांदा जरा आखडला.’
‘बुध. किमान. १० मिनिटं चाललो. झोप कमी.’
‘शुक्र. खाडा. काम लांबलं. उद्या सकाळी ७ ला किमान.’

याशिवाय सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता ठेवा, आडवे वार आणि उभी नावं. खुणा पाच: ‘पू’ पूर्ण, ‘कि’ किमान, ‘खा’ खाडा, ‘आ’ आजार किंवा दुखापत, ‘सु’ ठरलेली सुट्टी. रिकामा चौकोन ठेवायचा नाही, कारण त्याचा अर्थ लावताना आपण स्वतःला नेहमी झुकतं माप देतो. २०१६ साली १३८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा स्वतःच्या प्रगतीवर लक्ष ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते असं दिसलं. नोंद प्रत्यक्ष लिहिलेली असली किंवा इतरांसमोर मांडलेली असली तर परिणाम आणखी मोठा होता. तक्त्याने ही दोन्ही कामं होतात.

नोंदींचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. एकाच ठिकाणी दोन्ही चाललं की चौथ्या आठवड्यापर्यंत नोंदी शुभेच्छांखाली गाडल्या जातात. आणि नोंद झालेल्या कामाची करा, बेताची नको. ‘उद्यापासून रोज पाच किलोमीटर धावणार’ असं जाहीर केल्यावर मिळणाऱ्या शाबासकीत अर्धं समाधान आधीच पदरात पडतं. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगांत, आपल्या ओळखीशी जोडलेला इरादा दुसऱ्याने ऐकून मान्य केला की प्रत्यक्ष मेहनत कमी झालेली दिसली. करारात एकदा लिहिलेला बेत पुरे. खाड्यानंतरची ‘उद्या ७ ला’ ही वेळ मात्र याला अपवाद. ती घोषणा नाही, परतीची वेळ आहे.

पायरी ५: आठवड्याची २५ मिनिटं

प्रत्येकी पाच मिनिटं, शेवटची पाच तक्त्यासाठी. घड्याळ लावा. प्रश्न तीनच: काय ठरलं होतं आणि काय झालं? मध्ये काय आडवं आलं? पुढच्या आठवड्यात नेमकं काय बदलणार? ‘का केलं नाहीस?’ हा प्रश्न वर्ज्य. ‘का’ला उत्तर म्हणून सबब येते, ‘काय आडवं आलं’ला उत्तर म्हणून माहिती येते. सल्ला द्यायचा तर आधी ‘सुचवू का?’ असं विचारा, आणि ‘नको’ म्हटलं तर तो विषय तिथेच सोडा.

पायरी ६: खाडा पडला तेव्हा

गटाची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून हा भाग करारात शब्दशः लिहावा.

खाडा पडलेल्याने त्याच रात्री साडेनऊच्या आत सांगायचं: खाडा, एका वाक्यात कारण, पुढची वेळ. त्याला उत्तर फक्त साखळीतला विचारणारा देतो: ‘नोंदवलं. उद्या ७ ला किमान, सव्वासातला विचारतो.’ एवढंच. ‘अरेरे, परत?’ हे लागतं हे सगळ्यांना कळतं. पण ‘काही हरकत नाही, शरीराला विश्रांतीही हवीच’ हे प्रेमळ उत्तरही तितकंच नडतं, कारण त्याने विषय मिटतो आणि पुढची वेळ ठरायची राहते.

नोंदच आली नाही, तर विचारणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत एक ओळ पाठवायची: ‘कालची नोंद दिसली नाही. पू, कि की खा?’ एका अक्षराचं उत्तर देणं कुणालाही जड जात नाही.

सलग दोन खाडे झाले की मेसेज नव्हे, फोन. पाच मिनिटं पुरतात. विचारायचं इतकंच: तब्येत ठीक आहे ना, आणि आज किमान कधी होईल?

सलग चार झाले की शब्दांचा उपयोग संपलेला असतो. विचारणाऱ्याने सोबत किमान करायचं. शक्य असेल तर प्रत्यक्ष, नाहीतर दोघांनी व्हिडिओ कॉल लावून दहा मिनिटं आपापल्या जागी चालायचं. हे वाचताना थोडं बालिश वाटेल, पण अडलेली गाडी याने सुटते.

परतीच्या दिवशी नेहमी किमानच करायचं, भरपाई नाही. दोन दिवसांचा व्यायाम एका दिवसात उरकणाऱ्याचे स्नायू पुढचे २४ ते ७२ तास सर्वांत जास्त दुखतात आणि तिसरा खाडा त्या दुखण्यातून जन्मतो. पहिले पाढे पंचावन्न.

परत येण्यावर इतका भर देण्यामागे आधार आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात जिमच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या वापरून पाहिल्या गेल्या. त्यांत सर्वांत सरस ठरली ती खाड्यानंतर परत येणाऱ्याला अगदी छोटंसं बक्षीस देण्याची युक्ती. आणि एका खाड्याने सवय मोडते ही भीतीही फारशी खरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी कशा घडतात ते पाहिलं. सवय आपोआप होण्याच्या पातळीला यायला सरासरी ६६ दिवस लागतात असा त्यांचा अंदाज निघाला, पण माणसागणिक तो १८ ते २५४ दिवस असा बदलत होता. एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. म्हणून गटातल्या एकाला सहा आठवड्यांत जमलं आणि दुसऱ्याला चार महिने लागले तर त्यात कुणाचं चुकलेलं नसतं.

‘आ’ ही खूण खाड्यात धरू नका, पण ती सैलही सोडू नका. ताप असेल तर व्यायाम बंद. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड सारखे ठणकत असतील आणि दोन-तीन दिवसांत ओसरत असतील, तर ते नव्या ताणाचं दुखणं. हलकं चालणं चालेल. एकाच सांध्यात बोचरी कळ, सूज, किंवा वजन टाकताच वाढणारी वेदना असेल तर थांबा आणि दाखवून घ्या. छातीत दुखणं किंवा दाब, भोवळ, न थांबणारी धाप यांवर गटाने चर्चा करत बसू नये. व्यायाम तिथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

दंड, शर्यत आणि वजनाचा काटा

खाड्याला पैशांचा दंड ठेवावा का, हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. ठेवू नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्राएलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं पाहिली होती. त्यांतल्या सहा ठिकाणी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला. उशिरा येणारे वाढले, आणि दंड रद्द केल्यावरही कमी झाले नाहीत. पैसे भरले की अपराधीपणाही फिटतो. खाड्याला किंमत लावली की तो विकत घेता येतो, आणि गटातल्या नात्याचा जो नैतिक धाक असतो तोच नेमका हातचा जातो.

पावलांची क्रमवारीही नको. वरचे दोघे चुरशीने वाढवत नेतात आणि खालचा नोंद करणं थांबवतो. तुलना करायचीच तर ज्याची त्याच्या मागच्या चार आठवड्यांशी.

वजन गटात सांगू नये, त्यावर शेराही मारू नये. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे राखीव साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. खारट खाणं, पाळी, कालचा जोरकस व्यायाम, सगळ्यांनी काटा एक-दोन किलो सहज हलतो. स्वतःपुरतं मोजायचं असेल तर सकाळी एकाच वेळी मोजा आणि सात दिवसांची सरासरी पाहा. आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा वेगाने घट होत असेल तर आनंद मानण्याआधी काय खातोय ते तपासा. गटात कुणी जेवण टाळू लागलं, दुखापत लपवून व्यायाम करू लागलं किंवा सुट्टीच्या दिवशी बेचैन होऊ लागलं, तर त्याच्या लांब ‘पू’ रांगेचं कौतुक थांबवा. एकट्यात बोला आणि डॉक्टरांकडे जायला सोबत करा.

चौथा, आठवा आणि बारावा आठवडा

दर चार आठवड्यांनी तक्ता मोजा. ‘आ’ वगळून उरलेल्या ठरलेल्या दिवसांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ‘पू’ असतील तर एकच गोष्ट वाढवा: पाच मिनिटं, किंवा एक सेट, किंवा एक दिवस. ५० ते ८० असेल तर आहे तेच चालू द्या. ५० च्या खाली असेल तर वेळ किंवा काम बदला. एकाच वाराला खाडे साचलेले दिसले तर त्या वाराचं वेळापत्रकच चुकलेलं असतं, माणूस नाही. तो वार सरळ काढून टाका.

‘कि’ फार झाले असतील तर घाबरू नका, मात्र सलग आठ-दहा ‘कि’ दिसले की विचारा. कधी ठरलेलं काम कंटाळवाणं झालेलं असतं, कधी थकवा साठलेला असतो. पहिल्याला नवा व्यायाम लागतो, दुसऱ्याला हलका आठवडा.

खोट्या नोंदींचा संशय आला तर पुरावे मागू नका. फोटो आणि घड्याळाच्या नोंदी मागू लागलात की गट पोलीस ठाणं होतो. त्या माणसाचं ‘ठरलेलं’ बहुधा फार मोठं आहे आणि ते कमी करायला त्याला संकोच वाटतोय. पुढच्या भेटीत सगळ्यांनीच आपापलं ठरलेलं पुन्हा तपासायचं असं सुचवा, म्हणजे त्यालाही वाट मिळते.

बाराव्या आठवड्याला प्रत्येकाने ‘पुढे’, ‘विराम’ किंवा ‘रजा’ यांपैकी एक सांगायचं, कारण न देता. जागा रिकामी झाली तर नवा माणूस याच वेळी घ्या, मधल्या आठवड्यात नको. पुढे चालू ठेवणाऱ्यांनी पकड सैल करायला हरकत नाही: नोंद आठवड्यातून तीनदा, भेट पंधरवड्याने. पण एकाच आठवड्यात दोघांचे सलग दोन खाडे झाले, तर त्याच रात्रीपासून पुन्हा रोज साडेनऊ.